उसळीतली मटकी संपते, मग तुझ्या ताटात काय येतं?

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, मी २७ वर्षांची, सासर तासगावजवळ, पतसंस्थेत क्लार्क आहे. लग्नाला ३ वर्षं झाली. पाळी कधी ४५ दिवसांनी येते कधी ६०, हनुवटीवर केस येतात, सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. उंची ५ फूट २ इंच, वजन ६८. डॉक्टर म्हणाल्या वजन कमी करा, कसं ते विचारायचं राहूनच गेलं. मग ऑनलाइन डाएट प्लॅन घेतला, भात बंद, दूध बंद, गहू बंद, रात्री फक्त सॅलड. दोन महिन्यात ४ किलो उतरलं, पाळी पण एकदा ३३ दिवसांनी आली, पण ऑफिसात दोनदा चक्कर आली, केस गळायला लागले, गणपतीत सगळं सुटलं आणि ५ किलो परत वाढलं. घरात आम्ही सात माणसं, सैपाक मी आणि जाऊबाई करतो, सगळ्यांचं झालं की आम्ही बसतो. सोमवार, गुरुवार आणि संकष्टी धरते. सासूबाई रोज मेथीचं पाणी देतात, मायेनेच देतात. जो तो विचारतो काही गोड बातमी आहे का. माझंच काही चुकलंय का? भात आयुष्यभर बंद का? मी खाऊ तरी काय नक्की?"

अगं, आधी पहिल्या प्रश्नाचं, तुझंच काही चुकलंय का याचं, उत्तर देते कारण मला वाटतं तू सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस. नाही, तुझं काही चुकलेलं नाही. तू जास्त खाल्लंस म्हणून हे झालं नाही, लग्नाआधी वडापाव खायचीस म्हणून झालं नाही, उशिरा झोपायचीस म्हणूनही नाही. हा त्रास बऱ्यापैकी घराण्यातून येतो, आईला किंवा मावशीला पाळीची गडबड होती का, घरात कुणाला शुगर आहे का एकदा विचारून बघ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहाएक बायकांना हे असतं आणि त्यातल्या बहुतेकींना आपल्याला आहे हे माहीतही नसतं. म्हणजे तुमच्या पतसंस्थेत, बचतगटात, अगदी भावकीतसुद्धा कुणीतरी असणारच, फक्त बोलत नाहीत.

आणि नावाने घाबरू नकोस. सोनोग्राफीत ज्या "गाठी" दिसतात त्या गाठी नाहीतच. त्या बीजांच्या इवल्या पिशव्या असतात, दर महिन्याला त्यातली एक मोठी होऊन फुटायला पाहिजे ती अर्ध्यात थांबते, आणि अशा थांबलेल्या बऱ्याच बारीक बारीक दिसतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांच्या केस लिहिल्या तेव्हा त्यांना अंडाशयावर ते फोडांसारखं दिसलं आणि तेच नाव चिकटलं, आपल्याकडे पीसीओडी म्हणतात, पुस्तकात पीसीओएस म्हणतात, गोष्ट एकच. कॅन्सरची गाठ नाही, काढून टाकायची गाठ नाही.

आता खाण्याचा आणि पाळीचा संबंध कुठे येतो ते सांगते, कारण हे कळलं ना की कुणाचा प्लॅन विकत घ्यावा लागत नाही. आपण भात, भाकरी, साखर काही खाल्लं की रक्तात साखर येते आणि ती पेशींनी आत घ्यावी म्हणून शरीर इन्सुलिन सोडतं. घरात कुणाला कमी ऐकायला येत असेल तर आपण काय करतो, मोठ्याने बोलतो, टीव्हीचा आवाज वाढवतो, त्यांना जेमतेम ऐकू येतं पण बाकीच्यांच्या कानठळ्या बसतात. इथे तसंच होतं. बऱ्याच जणींमध्ये स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत म्हणून शरीर जास्त जास्त इन्सुलिन सोडतं, आणि अंडाशयाला मात्र चांगलं ऐकू येत असतं, ते त्या जास्तीच्या इन्सुलिनने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त बनवतं. त्यात लिव्हर त्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रोटीन कमी बनवायला लागतं, मग ते रक्तात मोकळं फिरतं. हनुवटीवरचे केस तिथून, पिंपल्स तिथून, बीज अर्ध्यात थांबतं तेही तिथूनच. बारीक मुलींनाही हे होतं बरं का, म्हणून "वजन आहे म्हणून झालं" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस.

तर खाण्यातून आपल्याला काय करायचंय, इन्सुलिनला सारखा आवाज चढवायला लागू नये एवढं बघायचं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात, साखर आणि पिठूळ खाणं एका वेळी कमी, त्याच्या जोडीला प्रोटीन आणि चोथा, आणि स्नायूंना काम. बाकी सगळे जे हे बंद ते बंद असतं ना त्याला फारसा आधार नाही. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून पीसीओएसची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली, त्यात स्पष्ट म्हटलंय की कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, जो समतोल आहे आणि तुला वर्षानुवर्षं जमेल तोच चांगला. दूध बंद करायचं कारण नाही, दूध पचत नसेल तर वेगळं. गहू बंद करायचं कारण नाही, गहू आतड्याला सोसत नाही तो सिलिॲक आजार असेल तर वेगळं. म्हणजे तू पैसे देऊन दूध, दही, ताक, पोळी एवढं सगळं ताटातून काढलंस आणि वरून रात्री काकडी-टोमॅटो खाऊन झोपलीस, चक्कर येणारच गं, केसही गळणारच, केसांना प्रोटीन आणि लोह लागतं ते कुठून यायचं. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन मुली अशाच येतात, रडतात, म्हणतात माझ्यात इच्छाशक्तीच नाही. इच्छाशक्तीचा प्रश्नच नसतो, कुणीही उपाशी माणूस गणपतीत मोदक दिसल्यावर तेच करेल.

पण तुझ्या पत्रात एक ओळ आहे जी तू अशीच लिहून गेलीस, सगळ्यांचं झालं की आम्ही बसतो. मला तिथेच थांबायला झालं.

मी पेशंटला तू काय खातेस हे विचारणं आता कमी केलंय. मी विचारते, पातेल्यात उरतं काय? मागे एक जण आली होती, तुझ्याच वयाची, म्हणाली रोज मटकीची उसळ असते आमच्याकडे, प्रोटीन भरपूर आहे. म्हटलं उद्या तुझ्या वाटीचा फोटो काढून पाठव. फोटो आला. लाल तर्रीचा रस्सा, त्यावर तेलाचा तवंग आणि तळाशी मटकीचे दाणे, मी मोजले, अकरा होते. बाजूला दोन भाकरी आणि भाताचा ढीग. खालची घट्ट उसळ सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलांना वाढून झालेली, हिच्या वाटणीला कट, म्हणजे वरचा नुसता रस्सा. पोट भरायचं तर भात आणि भाकरीनेच भरणार ना. कुणी मुद्दाम करत नाही, डाव आधी खाली जातो आणि घट्ट वर येतं, शेवटी पातळ राहतं, एवढंच. पण वर्षानुवर्षं त्या घरातल्या बाईचं ताट म्हणजे सगळा स्टार्च आणि त्यावर तिखट पाणी. आणि पीसीओडीला नेमकं हेच ताट सगळ्यात वाईट.

तुझा दिवस मी अंदाजाने मांडला. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा आणि भडंग, रात्री भाकरी, भात, रस्सा. प्रोटीन ३०-३५ ग्रॅम होतं. तुझ्या शरीराला ५५-६० तरी पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो दिवसभराचा आदर्श ताटाचा हिशोब दिला त्यात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत, म्हणजे साधारण अर्धी वाटी कच्ची, एका माणसाला, रोजची. तुझ्या पोटात त्यातली पाव तरी जाते का बघ.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की सैपाक झाला की वाढायला घ्यायच्या आधी तुझी आणि जाऊबाईंची एकेक मोठी वाटी घट्ट उसळ किंवा आमटीतली डाळ काढून झाकून ठेव. नंतर बसा हवं तर सगळ्यांच्या नंतर, ते बदलायला वेळ लागतो मला माहितीये, पण वाटी आधी निघाली पाहिजे. जाऊबाईंना सोबत घे, एकटीने केलं की डोळ्यावर येतं, दोघींनी केलं की ती घरची पद्धत होते. सासूबाईंनी विचारलं तर सरळ सांग डॉक्टरांनी सांगितलंय, आणि त्यांचीही एक वाटी काढ, त्या वयात त्यांनाही प्रोटीनची तेवढीच गरज आहे आणि त्याही आयुष्यभर शेवटीच जेवल्या असणार.

आणि तुम्हा सांगलीकडच्यांना तर बाहेरचं काही आणायची गरजच नाही. अख्खा मसूर तुमचा, तो ढाब्यावर बटर रोटीबरोबर खाण्यापेक्षा घरी कमी तेलात कर. हुलग्याचं पिठलं किंवा माडगं, उडदाचं घुटं, पावटा, चवळी, हरभऱ्याची भाजी, शाळूची भाकरी, ताक. किनोवा आणि चिया सीड मागवू नकोस, हे सगळं त्याच्या तोडीचं आहे आणि तुला करता येतं.

भाताबद्दल. बंद करू नकोस. पण भाकरी आणि भात दोन्ही एका जेवणात असतील तर एक भाकरी आणि छोटी वाटी भात, किंवा भाकरी नको असेल त्या दिवशी दीड वाटी भात, असं ठरव. आणि क्रम बदल, आपण आधी भाकरी मोडतो, तू आधी कोशिंबीर किंवा पालेभाजी आणि उसळ निम्मी खा, मग भाकरीला हात लाव, भात शेवटी. भाजी-प्रोटीन आधी आणि पिठूळ नंतर खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते हे तपासून पाहिलेलं आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि कुणाला कळतही नाही. कोशिंबिरीत दाण्याचं कूट घाल, दही घाल.

सकाळी पोहे करशील तर त्यात मटार, शेंगदाणे जरा सढळ हाताने आणि बाजूला दोन उकडलेली अंडी, तुमच्याकडे चालतात असं धरते. ज्या दिवशी अंडी नाहीत त्या दिवशी मुगाचं धिरडं, किंवा भाजणीचं थालीपीठ दह्याबरोबर. डब्यात बटाट्याऐवजी कुठलंही कडधान्य, आणि पोळ्या तीनच्या दोन. चार-पाचच्या चहाला साखर अर्धा चमचा, भडंग मूठभर ठीक आहे पण त्यात निम्मे भाजके फुटाणे-शेंगदाणे मिसळ, नुसते चुरमुरे भसकन विरघळतात आणि तासाभरात परत भूक. बेदाण्यांचं मात्र सांभाळ. तुमच्याकडे बेदाणे पोत्याने असतात, येता-जाता तोंडात टाकले जातात आणि सगळ्यांना वाटतं पौष्टिकच आहे, पण द्राक्षातलं पाणी गेलं की उरते ती जवळजवळ साखरच. आठ-दहा दाणे, बस. गुळाचंही तेच, साखरेऐवजी गूळ घातला म्हणून इन्सुलिनला काही फरक कळत नाही. आख्खं फळ रोज खा, द्राक्षं पण खा वाटीभर, ज्यूस नको.

उपासाचं जरा नाजूक आहे म्हणून जपून लिहिते. तू आठवड्याला दोन उपास आणि महिन्याची संकष्टी धरतेस, म्हणजे महिन्यातले नऊ-दहा दिवस. त्या दिवशी दिवसभर चहा आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी हे तुझ्यासाठी फारच जड आहे. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात ना प्रोटीन ना चोथा, वरचे शेंगदाणे तेवढे कामाचे. उपास सोड असं मी म्हणणार नाही, तो तुझा आणि देवाचा विषय आहे. पण सोमवार-गुरुवारातला एक कमी करता आला तर बघ, आणि धरशील त्या दिवशी वऱ्याचे तांदूळ थोडे आणि दाण्याची आमटी भरपूर, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, एखादं फळ असं दिवसात तीनदा खा. चक्कर आली तर त्या दिवशीचा उपास तिथेच सोडायचा. मेथीचं पाणी घेत राहा, सासूबाईंचं मन राहतं, त्याने अपाय नाही पण तेवढ्याने पाळी येईल अशी आशा धरू नकोस. वेगवेगळ्या बिया पाळीच्या दिवसांप्रमाणे खायच्या, हार्मोन बॅलन्स करणाऱ्या पावडरी, ३० दिवसात पीसीओडी मुळापासून, यावर एक रुपया घालवू नकोस. तू मूल होण्यासाठी प्रयत्न करत असशील, अशा वेळी आत काय घातलंय माहीत नसलेली पावडर पोटात जायलाच नको.

वजनाचं. ६८ चे ५५ करायचेत असं काही डोक्यात घेऊ नकोस. पाच ते दहा टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, तुझ्यासाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. आणि बघ ना, त्या वाईट प्लॅनमध्येही ४ किलो उतरलं तेव्हा तुझी पाळी ३३ दिवसांनी आलीच होती. तुझं शरीर ऐकतंय, मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच वाटलं. आता तेच सहा-आठ महिन्यात पोटभर जेवून करायचं. आणि काटा नाही हलला तरी चालणं आणि ताकदीचे व्यायाम यांचा उपयोग होतोच, कारण काम करणारा स्नायू साखर आत घेताना इन्सुलिनवर तितका अवलंबून राहत नाही. रोज अर्धा तास जरा भराभर चाल, जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात का होईना फेऱ्या मार, आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याची भरलेली कळशी धरून उचलणं. घरकाम होतंच की असं म्हणशील, होतं, पण त्याने दम लागत नाही.

डॉक्टरांकडे परत जायचंय हे टाळू नकोस, आहाराने सगळं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. या वेळी चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेऊन जा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर झालीय का, नुसती उपाशीपोटीची पुरत नाही, पीसीओडीत पुढे डायबिटीसचा धोका जास्त असतो म्हणून ती लागते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, कोलेस्टेरॉल, बीपी, हिमोग्लोबिन बघितलंय का. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू केली आणि ती बरेच महिने घेतलीस तर बी १२ तपासून घ्यायचं, आपल्याकडे ते आधीच कमी असतं. पाळी लांबली की आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर, आणि ९० दिवस उलटून गेले तर वाट बघत बसू नकोस, पाळी येत नाही म्हणजे बरंच झालं असं नसतं, गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर पुढे धोक्याचं आहे. फोलिक ॲसिडची गोळी आतापासूनच विचारून चालू कर.

आणि गोड बातमीवाल्यांचं. पीसीओडी आहे म्हणजे मूल होणार नाही हे साफ खोटं आहे. बीज वेळेवर फुटत नाही एवढीच अडचण असते आणि त्याला औषध आहे, लेट्रोझोलसारख्या गोळ्या त्यासाठीच पहिल्यांदा देतात आणि त्यावर कितीतरी जणींना दिवस जातात. वर्षभर प्रयत्न करून झालं असेल तर आता दोघांनी मिळून जायची वेळ आहे, दोघांनी म्हणजे नवऱ्याची वीर्यतपासणी पण, ती साधी आणि स्वस्त टेस्ट आहे आणि ती न करता वर्षभर फक्त बायकोची सोनोग्राफी करत राहिलेली जोडपी बघून मला फार वाईट वाटतं. नवऱ्यांना हे पत्र वाचायला दे. घरात कुणी विचारलं तर उत्तर तू एकटीने द्यायचं नाही, त्यांनी द्यायचं.

रात्री झोप येत नाही, रडू येतं, कशातच मन लागत नाही असं असेल तर तेही डॉक्टरांना सांग. पीसीओडीत मन खचणं खूप जणींना होतं, तो आजाराचाच भाग आहे आणि त्यालाही उपाय आहे.

आता एकदम सगळं नको करूस. पहिले पंधरा दिवस फक्त दोन गोष्टी, वाटी आधी काढायची आणि जेवणानंतर दहा मिनिटं चालायचं. मग सकाळचा नाश्ता बदल, मग उपास. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला पेन्सिलने गोल कर, केस कमी व्हायला सहा महिने तर लागतातच त्यामुळे आरशात रोज शोधू नकोस, आधी फरक दिसेल तो पाळीच्या तारखांत आणि संध्याकाळच्या भुकेत. तीन पाळ्यांच्या तारखा झाल्या की मला पाठव, सोबत शुगरचा रिपोर्ट, आणि तुझ्या उसळीच्या वाटीचा एक फोटो.